देशमुख परिवार ग्रुप: अमेरिकेतल्या आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) ट्रिपच्या रात्री

मेघनावहिनी: केतन, शीट आत्ता उघडली. नऊच्या नऊ रात्री फुल हुकअप? खर्च कमी करायचा म्हणून मागच्या वेळी एवढं बोलणं झालं होतं ना?

केतन: वहिनी, सहा माणसं आहेत, त्यात आई-बाबा. वीज, पाणी, सांडपाणी, तिन्हीची जोडणी लागणारच.

सुधीरकाका: वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये फुकट राहता येतं.

नीलिमाताई: काका, सगळीकडे नाही. त्या स्टोअरच्या मॅनेजरवर आणि शहराच्या नियमांवर अवलंबून असतं, त्यामुळे दुपारीच फोन करून विचारायचं. तेही फक्त झोपण्यापुरतं. स्लाइडआउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग), ऑनिंग (कापडी छत), खुर्च्या काही बाहेर काढायचं नाही. गाडी सपाट करायचे जॅक लावायचे नाहीत, डांबरात रुततात. लांब ड्राइव्हच्या दिवशी ठीक आहे.

प्रसाद: हायवेवरच्या रेस्ट एरियाचंही तेच. कॅलिफोर्नियात 8 तास, टेक्सासात 24. बोर्ड वाचल्याशिवाय थांबू नका.

केतन: आपण टेक्सासला जातच नाहीयोत.

प्रसाद: जात नाहीयोत हे मलाही कळतं. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, एवढंच सांगतोय.

आत्या: पार्किंगमध्ये दादाला झोप लागेल, शेजारच्या गाडीवाल्यांचं काय ते बघा 😄

मेघनावहिनी: आत्या, घोरण्याचं नंतर. नीलिमाताई, हुकअपशिवाय किती रात्री निघतील? नेमकं सांगा.

नीलिमाताई: सलग दोन, काटकसरीने तीन. विजेच्या आधी ग्रे टँक, म्हणजे आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याचा, भरतो. आपल्या गाडीचा 30 गॅलनचा आहे. शॉवर मिनिटाला साधारण 2 गॅलन सोडतो, म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या तीन आंघोळीत टँक भरला. भरला की घाण पाणी शॉवरच्या जाळीतून वर येतं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, मग धुवा. माणशी 2-3 गॅलनमध्ये होतं. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची, तेलकट पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही.

नीलिमाताई: आणि ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका, फुल हुकअपवरसुद्धा. पाणी वाहून जातं, घट्ट माल तळाशी साचून वाळतो. दोन-तृतीयांश भरू द्या, मग सोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो.

आत्या: जेवतेय मी.

प्रसाद: विजेचं मी सांगतो. 100 अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत, त्यातल्या निम्म्याच वापरायच्या. म्हणजे हातात 100. फर्नेसचा (गॅस हीटरचा) पंखा 7-8 अँपिअर घेतो. रात्रीच्या 8 तासांत निम्मा वेळ चालला तर 30 गेले. फ्रिज गॅसवर टाका, तो नीट चालावा म्हणून गाडी सपाट उभी करा. एसी आणि मायक्रोवेव्ह विसरा.

केतन: जनरेटर आहे की.

प्रसाद: तासाला साधारण अर्धा गॅलन पेट्रोल, वर भाड्याच्या गाडीत जनरेटरचे तासही मोजतात. रोज चार तास लावलास तर वाचलेलं सगळं तिथेच गेलं. शिवाय टाकी पाववर आली की जनरेटर आपोआप बंद पडतो.

सुधीरकाका: वॉलमार्टमध्ये यातलं काहीच लागत नाही.

मेघनावहिनी: काका 🙏 ग्रँड कॅन्यनच्या तीन रात्री बघू. केतनने ट्रेलर व्हिलेज हे फुल हुकअपचं पार्क घेतलंय.

नीलिमाताई: ते सोडा, शेजारीच मॅथर कॅम्पग्राउंड आहे. हुकअप नाही, पण डंप स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे, पैसे टाकून शॉवर आणि लॉन्ड्री आहे. 30 फुटांपर्यंतची गाडी चालते, आपली 28 आहे. आणि तिथे काकांच्या सिनियर पासवर (राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास) निम्मे पैसे. ट्रेलर व्हिलेज कंत्राटदाराकडे आहे, तिथे ती सवलत धरून चालू नका.

केतन: मग आई-बाबांचाही पास काढू.

नीलिमाताई: व्हिजिटर व्हिसावर नाही मिळत. वय 62 आणि नागरिक किंवा ग्रीन कार्ड, दोन्ही हवं. आजीवन 80 डॉलर, एका वर्षाचा 20. सवलत काकांच्या नावाच्या साइटवरच, आणि काका स्वतः मुक्कामाला हवेत.

सुधीरकाका: म्हणजे माझी आठवण पासपुरती. मार्ग ठरवताना कोणी विचारलं नव्हतं.

मेघनावहिनी: काका, तसं नाही. तुम्ही येताय हे पहिल्या दिवसापासून ठरलंय.

केतन: वहिनी, मार्ग मी एकट्याने ठरवला नव्हता, हेही लिहा.

प्रसाद: मॅथर मिळालं नाही तर जवळच्या टुसायन गावाबाहेर कायबाब नॅशनल फॉरेस्ट. फुकट, 14 दिवसांपर्यंत. नळ नाही, कचराकुंडी नाही. पण गाडीचा करार आधी वाचा. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना कच्चा रस्ता चालत नाही, रुतली तर टोइंग आपल्या खिशातून. पाऊस पडून गेला असेल तर आत शिरूच नका.

आत्या: थंडी? दादाचा गुडघा आहे.

प्रसाद: साउथ रिम, म्हणजे कॅन्यनची आपली बाजू, 7,000 फुटांच्या आसपास आहे, मे महिन्यातही रात्री पारा शून्याजवळ जातो. फर्नेस सलग जळला तर 20 पौंडांचा गॅस सिलिंडर 14 तास पुरतो. थर्मोस्टॅट 60 फॅरनहाइटवर ठेवून जाड पांघरुणं घेतली तर तीन रात्री आरामात.

सुधीरकाका: पासचा फोटो पाठवलाय. नंबर मागच्या बाजूला आहे.

नीलिमाताई: धन्यवाद काका. केतन, नंबर बुकिंग करतानाच टाक. आणि बदल आजच कर. मॅथर रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर बुक होतं; ते पुढे रद्द करायचं झालं तर 10 डॉलर लागतात, आदल्या दिवसापर्यंत थांबलास तर पहिली रात्रही जाते.

केतन: मॅथर तीन रात्री, मग पेज गावात एक फुल हुकअप, तिथे टाक्या रिकाम्या करू आणि कपडे धुऊ. मोआबला (युटा) पुन्हा दोन हुकअपशिवाय. शीट बदलतोय.

मेघनावहिनी: मोआबला बीएलएमची (सरकारी जमीन खात्याची) कॅम्पग्राउंड बघ, तिथेही काकांचा पास चालतो. बरीचशी आधी येणाऱ्याला मिळतात, दुपारच्या आत पोचायला हवं.

प्रसाद: आणि तिथे पाणी मिळत नाही. पेजहून फ्रेश टँक (चांगल्या पाण्याची टाकी) काठोकाठ भरून निघा. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप वेगळा, डंपजवळच्या नळाला तो लावायचा नाही.

सुधीरकाका: आणि मोआबमध्ये जागा नाही मिळाली तर?

नीलिमाताई: तर एक रात्र खासगी पार्कमध्ये, फक्त विजेची साइट. फुल हुकअपपेक्षा स्वस्त पडते.