वाईजवळचा वडिलोपार्जित चौसोपी वाडा विकायचा आहे : सुरुवात कोठून करावी?

धोमरस्ता :

वाईहून मेणवलीमार्गे धोम धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात आमच्या पणजोबांनी बांधलेला चौसोपी वाडा आहे. दिंडी दरवाजा, ओसरी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि देवघर, वर माडी व परसात बांधीव विहीर असा त्याचा विस्तार असून एकेकाळी तीन भावांची बिऱ्हाडे तेथे एकत्र नांदत होती. आज तेथे कोणीही राहत नाही. आम्ही नातवंडे पुणे, ठाणे, बेंगळुरू आणि अमेरिकेत विखुरलो आहोत आणि पावसाळ्याआधी कौले चाळून घेण्याचा खर्च कोणी करायचा, यावरून दरवर्षी तोच वाद होतो. वाडा विकावा यावर आता सर्व चुलतभावांचे एकमत झाले आहे.

मिळकत पत्रिकेवर अद्याप आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांचीच नावे आहेत. आजोबा 1978 साली मृत्युपत्र न करता वारले. वाड्याला लागून अठरा गुंठे शेतजमीन आहे, तिचा सातबारा वेगळा आहे. एका मध्यस्थाने वाडा पाडून मोकळी जागा विकावी, म्हणजे गिऱ्हाईक लवकर मिळेल, असे सुचवले आहे. हे कितपत योग्य आहे आणि कागदपत्रांची तयारी कोणत्या क्रमाने करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दस्तनोंद :

आपण ‘सर्व चुलतभावांचे एकमत’ असे लिहिले आहे, परंतु आत्यांचा आणि चुलतबहिणींचा उल्लेख कोठेच नाही. माझ्या पाहण्यात अशा घरांचे व्यवहार बहुधा याच ठिकाणी अडकतात. आजोबा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू झाल्यानंतर वारले असल्यामुळे त्यांच्या वाट्यात मुलींचा हिस्सा 1978 सालीच निर्माण झाला. त्यासाठी 2005 च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही. फरक एवढाच होता की, कुटुंबाच्या राहत्या घराचे वाटप मागण्याचा अधिकार कलम 23 प्रमाणे मुलींना नव्हता आणि पुरुष वारस वाटप करून घेतील तोवर त्यांना थांबावे लागत असे. ते कलम 9 सप्टेंबर 2005 पासून वगळण्यात आले. त्याच दुरुस्तीने मुलीला सहदायिक (वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध भागीदार) म्हणून जन्मतः हक्क मिळाला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. आत्या हयात नसतील, तर त्यांच्या वारसांना विचारावे लागेल.

प्रथम तिन्ही शाखांची वंशावळ लिहून काढा, मृत्यूचे दाखले जमवा आणि मिळकत पत्रिकेवर व सातबारावर वारस नोंदी करून घ्या. ज्यांना हिस्सा नको असेल त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे. तोंडी ‘आम्हाला काही नको’ यावर कोणताही शहाणा खरेदीदार पैसे मोजणार नाही. एखाद्या भावाने घाईने आपलाच हिस्सा परक्याला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 मुळे त्या परक्याला कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त ताबा मिळत नाही. त्यामुळे असा हिस्सा कवडीमोल दराने जातो आणि मागे दावा राहतो.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा हा करआकारणीचा कागद आहे, त्याला मालकीचा पुरावा समजू नये. अमेरिकेतील भावाचे कुलमुखत्यारपत्र तेथील नोटरी किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर साक्षांकित झालेले असावे आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. तो अनिवासी असल्याने खरेदीदाराला त्याच्या वाट्याच्या रकमेतून प्राप्तिकर कापून भरावा लागेल, हेही बोलणीच्या वेळीच सांगून टाका.

अठरा गुंठ्यांची गोष्ट निराळी. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे ती जमीन सर्वसाधारणपणे शेतकरी असलेल्या व्यक्तीलाच विकता येते. पुण्याचा नोकरदार ग्राहक शेतकरी नसेल, तर वाडा घेईल आणि जमीन घेऊ शकणार नाही. दोन्हींची किंमत सुरुवातीपासून स्वतंत्र ठरवावी.

चुनामाती :

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. वाडा पाडू नका. पाडलेल्या वाड्याचे सागवानी खांब, तुळया आणि कोरीव चौकटी जुने लाकूड घेणारे व्यापारी स्वस्तात उचलतात व पुढे दामदुप्पट विकतात. आपल्या हाती गावठाणातली एक मोकळी जागा राहते आणि तशा जागा त्या रस्त्यावर इतरही आहेत. ज्याला वाडाच हवा आहे असा ग्राहक उशिरा येतो, हे मान्य आहे, पण तो आल्यावर जागेच्या दरावर बोलत नाही.

विक्रीपूर्वी तीन गोष्टींवर खर्च करावा : कौले आणि त्याखालच्या रिपा, पावसाचे पाणी भिंतीपासून दूर नेणाऱ्या पन्हळी आणि वाळवीचा बंदोबस्त. तुळयांची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे लोखंडी गज टोचून पाहावा, कारण बाहेरून ठणठणीत दिसणारी तुळई त्या टोकाला भुसभुशीत झालेली असू शकते. खांब दगडी तळखड्यांवर असल्यामुळे ते सहसा टिकलेले असतात.

कृपा करून भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग देऊ नका. वीट, दगड आणि पांढऱ्या मातीची जाड भिंत ओल शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. सिमेंटने तो मार्ग बंद झाला की ओल आतच साचते, भिंत फुगते आणि तुळयांची टोके कुजू लागतात. ‘नूतनीकरण केलेला वाडा’ अशी जाहिरात वाचली की मी सर्वांत आधी गिलावाच पाहतो.

गणपतीआळी :

मी वाईचाच रहिवासी आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, तेथील घाटावरची पोर्तुगीज घंटा, ढोल्या गणपती ही ओळख जाहिरातीत जरूर द्यावी, पण ‘पाचगणीपासून हाकेच्या अंतरावर’ असे लिहू नये. मध्ये पसरणीचा घाट आहे आणि सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग लागली की त्या हाकेला ओ मिळत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे व तेथे बांधकामावर निर्बंध आहेत, म्हणून डोंगर उतरून घरे शोधणारे लोक इकडे येतात, असे मला दिसते. ते विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते, गाडी दारापर्यंत येते का आणि रात्री डॉक्टर कोठे मिळेल, हे विचारतात. आपल्या गल्लीची रुंदी जाहिरातीतच सांगा, म्हणजे निम्म्या फेऱ्या वाचतील.

धोमरस्ता :

सर्वांचे आभार. दोन आत्या हयात आहेत, तिसरीची मुले कोल्हापुरास असतात. त्यांना अद्याप कोणी विचारलेलेच नाही. गाडी दिंडी दरवाजापर्यंत येत नाही, देवळाजवळच थांबवावी लागते. देवघरातील टाक (देवांच्या कोरीव धातूच्या प्रतिमा) आणि माजघरातील झोपाळा विक्रीतून वगळायचा असल्यास त्याची नोंद खरेदीखतात करावी लागते का?

दस्तनोंद :

टाक ही जंगम, म्हणजे हलवता येणारी वस्तू आहे, ताबा देण्यापूर्वी उचलून न्यावी. झोपाळा मात्र कड्यांनी तुळईला जखडलेला असल्याने तो वास्तूचा भाग होता की नव्हता यावर वाद होऊ शकतो. विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घेतानाच तो वगळल्याचे लिहून घ्या आणि खरेदीखतातही तेच वाक्य ठेवा.