लॅपटॉप, डेस्कटॉप, फोन आणि आयपॅड – सगळीकडे एकच फाइल दिसावी म्हणून तुम्ही काय वापरता?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

मी भाषांतराचं काम करते. कामाचा विंडोज लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप (त्यावर लिनक्स टाकलंय, पडदा मोठा असल्यामुळे तिथे फक्त प्रुफं वाचते), अँड्रॉइड फोन आणि आयपॅड, अशी चार यंत्रं रोज हाताशी असतात. चालू कामाच्या फायली जेमतेम ८ जीबी. फोटो आणि व्हिडिओ मात्र १४० जीबीच्या घरात, आणि त्यातच वडिलांच्या हातची पत्रं स्कॅन करून ठेवलेली.

इतकी वर्षं स्वतःलाच मेल पाठवणं, पेनड्राइव्ह, असं चालवून घेतलं. गेल्या वर्षी एका क्लाउड सेवेचं फोल्डर सुरू केलं आणि वाटलं, सुटले. मग हे झालं. प्रवासात आयपॅडवर एका प्रकरणाची अकरा पानं तपासली, तेव्हा नेट नव्हतं. घरी आल्यावर आयपॅड बॅगेतच राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर तीच फाइल उघडून पुढे लिहीत बसले. संध्याकाळी बघते तर फोल्डरमध्ये दोन फायली. एक नेहमीच्या नावाची, दुसरीच्या नावाला तारखेची लांबलचक शेपटी. शेपटीवाली काहीतरी तात्पुरती असेल असं समजून उडवली. सहा आठवड्यांनी प्रकाशकाकडून प्रुफं आली तेव्हा कळलं की आयपॅडवरची एकही दुरुस्ती त्यात नाही. ट्रॅश तोवर आपोआप रिकामा झाला होता. अकरा पानं पुन्हा तपासली, पण पहिल्या खेपेला सुचलेले काही शब्द परत सुचले नाहीत ते नाहीतच.

तर विचारायचं असं: चारही यंत्रांवर चालेल असं काय घ्यावं? आणि वडिलांच्या पत्रांचं काय करावं? ती पुन्हा स्कॅन करता येणार नाहीत, मूळ कागदांची शाई उडत चालली आहे.

प्रतिसाद १

मी गूगल ड्राइव्ह वापरतो. १५ जीबी फुकट मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे सगळे मिळून. जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात, अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरतात. जागा पूर्ण भरली की मेल येणंही थांबतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. १४० जीबी फुकटात कुठेही बसणार नाहीत, ती आशा सोडा. शिवाय ड्राइव्हचं अधिकृत ॲप लिनक्ससाठी नाही, तिथे ब्राउझरवरच भागवावं लागेल.

प्रतिसाद २

अकरा पानांचं वाचून फार वाईट वाटलं. नेमकं काय झालं ते आधी सांगतो, कारण सेवा बदलली तरी हे पुन्हा होऊ शकतं.

दोन यंत्रांवर एकाच फाइलमध्ये वेगवेगळे बदल झाले, आणि मधल्या काळात त्या दोघांची गाठ पडली नाही, तर कुठला बदल खरा हे सेवेला ठरवता येत नाही. दोन्ही जपायचे म्हणून ती एका फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवते. म्हणजे शेपटीवाली फाइल हा कचरा नसतो, ते तुमचंच काम असतं. तशी फाइल दिसली की काहीही उडवू नका. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कंपेअर’ आहे. दोन्ही फायली दिल्या की फरक रंगवून दाखवतं, एकेक बदल घ्यायचा किंवा सोडायचा. लिब्रे ऑफिसमध्येही अशी सोय आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सिंक आणि बॅकअप या दोन गरजा एकाच फोल्डरच्या गळ्यात बांधल्या आहेत. सिंकचं काम असतं सगळीकडे सारखं ठेवणं. तुम्ही लॅपटॉपवर चूक केलीत की ती चूकही काही सेकंदांत फोनवर, आयपॅडवर, सर्व्हरवर इमानदारीने पोचते. डिलीट पोचतं, रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूपबंद केलेली फाइलही पोचते. बॅकअप म्हणजे कालची, गेल्या आठवड्यातली, गेल्या महिन्यातली प्रत आज हात न लावता तशीच पडून असणं. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड या सगळ्यांत उडवलेली फाइल साधारण ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते. तुम्हाला आठवायला सहा आठवडे लागले. तेवढ्याने घात झाला.

म्हणून आधी तुमच्या फायलींचे ढीग वेगळे करा. रोज बदलणारं काम हवं सिंकमध्ये. फोटो आणि पत्रं बदलत नाहीत, त्यांना सिंकची गरज कमी आणि बॅकअपची जास्त.

एक विचारतो: वर्ड कुठलं वापरता? मायक्रोसॉफ्ट ३६५ ची पर्सनल किंवा फॅमिली वर्गणी भरत असाल तर त्यात वनड्राइव्हची १ टीबी जागा येतेच. अनेकांकडे ती असते आणि त्यांना पत्ताच नसतो.

धागाकर्ती

हो, ३६५ च आहे! दोन वर्षं वर्गणी भरतेय. वनड्राइव्हचं ते निळं ढगाचं चिन्ह खाली दिसतं, मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही.

प्रतिसाद ३

मग नवीन काही घेऊ नका. तुलनेसाठी बाकीच्यांचं सांगते. ड्रॉपबॉक्सचं लिनक्स ॲप चांगलं आहे, पण फुकट खात्यावर २ जीबी आणि मार्च २०१९ पासून तीनच यंत्रं, तुमची चार. मेगा २० जीबी फुकट देतं, लिनक्सवरही चालतं, आणि फायली तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन वर जातात. पण पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवलं तर त्या फायली कायमच्या गेल्या. आयक्लाउड आयपॅडवर झकास, अँड्रॉइडवर त्याचं ॲपच नाही.

वनड्राइव्हचं एक बघून घ्या. लॅपटॉपवर फाइलीशेजारी नुसता ढग दिसत असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, वर सर्व्हरवर आहे आणि इथे फक्त नाव आहे. प्रवासात नेट नसताना ती उघडणार नाही. कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. भरीव हिरव्या गोलात पांढरी बरोबरची खूण आली की फाइल खरोखर तुमच्याकडे आहे. गूगल डॉक्सचं तर याहून वेगळं: ड्राइव्हच्या फोल्डरमधून तशी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली तर त्यात मजकूर येत नाही, फक्त वरच्या फाइलचा पत्ता येतो. माझी एक मैत्रीण अशा पत्त्यांचाच बॅकअप वर्षभर घेत होती.

प्रतिसाद ४

लिनक्स डेस्कटॉपसाठी सिंकथिंग हे सिंक करणारं ॲप घ्या. मुक्त स्रोत आहे, मध्ये कुणाचाही सर्व्हर फाइल साठवत नाही, यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. अट एकच, दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू हवीत. लॅपटॉपवर फोल्डर ‘सेंड ओन्ली’ ठेवा आणि डेस्कटॉपवर ‘रिसीव्ह ओन्ली’. तुम्ही तिथे फक्त वाचता, तेव्हा उलट दिशेने काही यायची गरज नाही आणि दोन फायलींचा घोळही तिथून सुरू होणार नाही. हे वनड्राइव्हच्या फोल्डरवर लावणार असाल तर वरचं ‘ऑल्वेज कीप’ आधी करा.

फोनवर मात्र सिंकथिंगच्या फंदात पडू नका. अँड्रॉइडचं अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता दुसऱ्यांनी चालू ठेवलेली आवृत्ती आहे. आयपॅडवर अधिकृत ॲप कधी नव्हतंच.

प्रतिसाद ५

मराठीत फायलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक अनुभवाची गोष्ट, कारण ती दुसरीकडे वाचायला मिळत नाही. माझ्याकडे ‘दुसऱ्या सहामाहीचा अहवाल’ नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये दिसायला लागल्या. अक्षरन् अक्षर सारखं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये (यंत्रं अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतात त्या पद्धतीत) एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. एक स्वतंत्र अक्षर आहे, एकात साध्या ‘र’ला खाली नुक्ता जोडलेला असतो. कळफलकावर अवलंबून तिसरीही एक पद्धत आहे, साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावायची. डोळ्यांना सगळं एक, पण यंत्राला वेगवेगळी नावं. फोनच्या कळफलकावरून एक आणि लॅपटॉपवरून दुसरं टाइप झालं होतं. वऱ्हाड, साऱ्या, तऱ्हा असे शब्द नावात असतील तर पहिल्यांदा जिथे नाव लिहिलं तिथलंच कॉपी करत जा.

आणखी एक, लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. प्रकरणाचं पूर्ण शीर्षक फाइलीच्या नावात घालायची सवय असेल तर हे नडतं. नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखं दिसणारं इंग्रजी अपूर्णविराम नको, विंडोज ते घेत नाही. माझ्या लिनक्सवर ‘पुढे काय?’ नावाची टिपणाची फाइल होती, ती दोन महिने लॅपटॉपवर पोचलीच नव्हती.

धागाकर्ती

हे वाचून लगेच फोल्डर बघितलं. ‘दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या’ खरंच दोनदा आहे!! आजवर मला वाटायचं की मीच चुकून दोनदा सेव्ह केली.

आता पत्रांचं आणि फोटोंचं सांगा.

प्रतिसाद २

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रुळलेला ३-२-१ चा हिशोब मी पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमच्यासाठी लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि वनड्राइव्ह. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवायची. कायम जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही. जमलं तर आणखी एक डिस्क जवळच्या माणसाच्या घरी.

१४० जीबी वर चढवायला धीर लागेल. नेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फायली बाइटमध्ये मोजतात, आठपटीचा फरक. अपलोड सेकंदाला १० मेगाबिट असेल तर सलग ३१ तास. आधी पत्रं चढवा, मग फोटो रात्री-रात्री.

फोटोंच्या ॲपमध्ये एक जपा. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोज मधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ते फक्त फोनवरची प्रत काढतं. तिथेच एकेक फोटो निवडून डिलीट केलेत तर तो वरूनही जातो.

आणि बॅकअप घेतलाय एवढ्यावर थांबू नका. महिन्यातून एकदा डिस्क जोडून कुठलंही एक पत्र उघडून वाचा. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

प्रतिसाद ६

पत्रं खाजगी असतील तर क्रिप्टोमेटर बघा. प्रत्येक फाइल वेगळी कुलूपबंद करतं, त्यामुळे एक बदलली तर एकच पुन्हा चढते. एरवी क्लाउडवर फायली कुलपात असल्या तरी बहुतेक ठिकाणी किल्ली सेवेकडे असते.

सगळ्यांना सांगायचं ते खात्याबद्दल. माझ्या भावाचा फोन हरवला, दुहेरी पडताळणीचे कोड त्याच फोनवर, आणि बारा वर्षांचे फोटो खात्यात अडकले. परत मिळेपर्यंत महिना गेला. फोन नसतानाही लॉगिन करता येईल असे बॅकअप कोड आजच काढा (गूगल दहा देतं), कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं ते पुसू शकतात, तेव्हा जुन्या खात्यात काही असेल तर लॉगिन करून या. आपल्यामागे घरच्यांना हे उघडता यावं म्हणून गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, ॲपलमध्ये ‘लेगसी काँटॅक्ट’. पंधरा मिनिटांचं काम आहे. करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांत इतकं झालं: काम वनड्राइव्हमध्ये नेलं, फोल्डर ‘ऑल्वेज कीप’ केलं. पत्रं वर चढली, दोन हार्ड डिस्कवरही आली, एक डिस्क बहिणीकडे. फोटो अजून निम्मेच चढलेत. कोड लिहून ठेवले. मग मुद्दाम आयपॅडचं नेट बंद करून एका जुन्या फाइलमध्ये बदल केले, लॅपटॉपवर वेगळे केले आणि नेट चालू केलं. दोन फायली झाल्या. कंपेअर लावलं, दोन्हीकडचे बदल एका फाइलमध्ये आले. तेव्हा कुठे निवांत झोप लागली.

डेस्कटॉपवर सिंकथिंग चालू केलंय. त्यात ‘फाइल व्हर्जनिंग’ बंद दिसतंय, चालू करू का? आणि प्रकारांपैकी कुठला?

प्रतिसाद ४

नक्की करा, ते मुळात बंदच असतं. डेस्कटॉपच्या बाजूला चालू करा, कारण दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांचीच जुनी प्रत ते ठेवतं. प्रकार ‘स्टॅगर्ड’. पहिल्या दिवशी तासातासाची प्रत राहते, पहिले ३० दिवस रोजची एक, आणि पुढे वर्षभर आठवड्याची एक. लॅपटॉपवर फाइल उडवलीत आणि सहा आठवड्यांनी आठवलं, तरी डेस्कटॉपवर ‘डॉट एसटीव्हर्जन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ती असेल. लिनक्सवर ते फोल्डर लपलेलं असतं, कंट्रोल-एच दाबा म्हणजे दिसेल.