महिनाअखेरची चूल: तुमच्याकडे काय शिजायचं?

परळकरीण
काल रात्री नवाच्या सुमारास स्टेशनबाहेर भाजीवाला उरलेली गवार ओरडून विकत होता, "घ्या वाटा दहा, घरी जायचंय!" घरी फ्रीज भरलेला, तरी हात आपोआप पुढे गेला. मग लोकलमध्ये (खिडकी मिळाली चक्क) तेच डोक्यात घोळत राहिलं.

बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. सुरुवातीला नुसतं 'आज मिटेल, उद्या मिटेल'. मग बाबा गावी गेले शेतीला आणि आई एका खाणावळीच्या चपात्या लाटायला लागली. बाजारात आम्ही जायचो ते भाजीवाले आवरायला लागले की. मऊ पडलेले टोमॅटो, पिवळट मेथी. आई पिवळी पानं खुडून टाकायची आणि कोवळ्या काड्या बारीक चिरून पिठल्यात घालायची. तेल बाटलीच्या बुचाने मोजायची. सकाळी एक बूच, संध्याकाळी एक. पाहुणा आला तर दीड. नारळ तीन दिवस पुरवायची. पहिल्या दिवशी रस, दुसऱ्या दिवशी त्याच चोथ्याची लसूण-मिरची लावून चटणी, तिसऱ्या दिवशी नारळाची आठवण :)

गावाहून कोणी एसटीने आलं की गोणी यायची. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, मातीत घोळवलेल्या आठळ्या. मग चार दिवस पिठी-भात आणि वर कांद्यावर परतलेला जवळा. आम्ही कमी खातोय हे मला तेव्हा कळलंच नाही. परवा आईला तसं म्हटलं, तर म्हणते, "कसं कळेल? तुझ्या ताटात कधी कमी पडलं नाही."

लिहा तुमचंही.

गोदाकाठ
चकोल्या. 25 तारखेपासून 1 पर्यंत. विषय संपला.

सोलापूरची_सून
वरणफळं म्हणा हो.

गोदाकाठ
आमच्यात चकोल्याच. नावावरून भांडायचं तर तूप वाढा आधी.

बाभूळबन
72 चा दुष्काळ. मी अकरा वर्षांचा, बीड जिल्हा. रेशनला मिलो यायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी थापली की कडेनं चिरायची, तव्यावर टाकेस्तोवर दोन तुकडे. माय आधणाच्या पाण्यात पीठ मळायची तेव्हा कुठं जमायची. तळ्याच्या कामावर सुकडी वाटायचे. ती गोड. मी निम्मी सदऱ्याच्या खिशात घालून धाकट्या बहिणीला न्यायचो आणि वाटेत त्यातलीही निम्मी खायचो. बहीण आता 60 ची आहे, अजून ऐकवते. पाऊस पडला की तरवट्याचा पाला, तांदुळजा, पाथरी. भाजी विकत आणायची असते हे मला तालुक्याला शिकायला गेल्यावर समजलं.
परवा नातीनं बाजरीची बिस्किटं आणली. पाकिटावर मोठ्ठं 'मिलेट'. म्हटलं नीट वाच बाई, मिलो तर नाही ना.

चिमणचारा
काका 😂 बहिणीला बिस्किटांचा अख्खा पुडा द्या आता, न फोडता.

हिशोबनीस
2015 ला दिवाळीच्या आधी तूरडाळ 200 रुपये किलो झाली होती आठवतंय? तेव्हा लागलेली सवय: अर्धी तूर, अर्धी मसूर, आणि लाल भोपळ्याची एक फोड त्यातच शिजवून घोटायची. आमटी दाट होते, रंगही येतो. चिंच-गूळ-गोडा मसाला नेहमीचाच. तूर स्वस्त झाली तरी मी तेच करते. नवऱ्याला आजतागायत कळलेलं नाही. तो इथे येत नाही म्हणून बिनधास्त लिहिते.

आमटीप्रेमी
येतो.

हिशोबनीस
😳😳

अभ्यासिका404
सदाशिव पेठ, एका खोलीत चौघं, स्पर्धा परीक्षा. मागच्या महिन्यात मेस बंद केली. आता इंडक्शनवर एकच कुकर. खाली डाळ-तांदूळ-हळद, वर भांड्यात चार अंडी. एकदम होतं सगळं. अंडी आधी धुवून घ्या, का ते विचारू नका. बुधवारी गावाकडून एसटीनं डबा येतो, शेंगादाण्याची चटणी न् कडक भाकरी, शुक्रवारपर्यंत चालते. शनिवारी पोहे. रविवारी ज्याच्या मामाचं घर जवळ तो मामाकडं.
एक अडचण आहे. कुकर शिट्टीच देत नाही, बाजूनं वाफ जाते. काय करू?

सोलापूरची_सून
रिंग सैल झाली असेल. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून बघ. आणि कडक भाकरी खातोस म्हणजे आमच्याकडचा दिसतोस. वर दही घे, चटणीवर कच्चं तेल.

अभ्यासिका404
ताई फ्रीज कुठाय 😅

सोलापूरची_सून
मग थंड पाण्यात ठेव. नाहीतर सरळ नवीन आण, फार महाग नसते. वाफ जाऊन वीजबिल वाढेल त्यापेक्षा परवडेल.

निशिगंधा
सगळ्यांना गोड वाटतंय म्हणून लिहू की नको असं झालं. मला अजूनही पिठल्याचा वास सहन होत नाही. वडिलांचं दुकान बुडालं तेव्हा सलग कितीतरी महिने रात्री पिठलंच. मैत्रिणी डब्यात बटाट्याची भाजी आणायच्या, मी झाकण अर्धंच उघडून खायचे. आता घरी बेसन आणते ते फक्त भज्यांपुरतं. सासूबाई हौसेनं झुणका करतात त्या दिवशी मी उशिरा येते कामावरून.

परळकरीण
बरं केलंस लिहिलंस. माझ्या भावाचं तसंच आहे, जवळ्याचं नाव काढलं की उठून जातो. एकाच घरात वाढलो आम्ही.

चिमणचारा
निशिगंधा, तुझ्या वाटणीची भजी पाठव. पिठलं मी खाते.

ऱ्हाइनकाठ
जर्मनीत शिकतोय. इथे एका जेवणाच्या पैशात आठवडाभराची भाजी येते, फक्त ती कोबी असते. कोबी, गाजर, कांदे, आणि तुर्की दुकानातली लाल मसूर. मोठं पोतंच घेतो तिघांत. कोबीची पचडी, कोबीची भाजी, कोबी घालून थालीपीठ, कोबी-मसूर. आई व्हिडिओ कॉलवर विचारते काय जेवलास, मी फोन भिंतीकडे फिरवतो. क्वार्क (इथला चक्क्यासारखा दुधाचा प्रकार) मात्र झकास, साखर-वेलदोडा घातला की श्रीखंडच. पाडव्याला मराठी मंडळींत तेच नेलं, कोणी ओळखलं नाही.

बाभूळबन
कोबीला मोहरीची फोडणी दे लेका, निम्मं दुःख जाईल.

मोरपिशी
कामात आहे, पटकन. दोडक्याच्या शिरा फेकू नका. बारीक चिरून थोड्या तेलावर अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मंद आचेवर, घाई केली की चिवट राहतात. मग तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ, चिमूट साखर. दुधी भोपळ्याच्या सालांचीही होते. आमच्याकडे भाजी उरते, चटणी उरत नाही. फ्लॉवरचे दांडे आमटीत. कुकर वाजला, पळते.

अभ्यासिका404
त्यांचा वाजतो बघा 😭

गोदाकाठ
परळकरीण, त्या गवारीचं काय झालं पण?

परळकरीण
निम्मी जून निघाली! शिरा काढता काढता बोटं दुखली. कोवळी तेवढी भाजीला घेतली, जून शेंगांचे दाणे सोलून आमटीत टाकले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घेताना एक शेंग मोडून बघायची होतीस.