अनुभव धागा: ‘डिटॉक्स’ आहार करून पाहिलात? कोकणातल्या माणसांनी आपले अनुभव लिहा

गुहागर, शिक्षिका, वय ४६ (धागा सुरू करतेय)

शाळेची स्टाफरूम असो, बचत गटाची बैठक असो की एसटीची वाट बघणं, चार बायका जमल्या की हल्ली ‘डिटॉक्स’चा विषय निघतोच. कुणी सात दिवसांचं करतंय, कुणी एकवीस. कुणाला फोनवरून शिकवणारी कोच आहे, कुणाला व्हॉट्सॲपवर तक्ता आलाय. काही जणी खरंच हलक्या झाल्यात, आणि दोघी दवाखान्यात राहून आल्यात. म्हणून वाटलं, आपल्या किनारपट्टीवरचे खरे अनुभव एका जागी यावेत. किती किलो उतरलं एवढ्यावर थांबू नका, सहा महिन्यांनी त्यातलं काय उरलं तेही लिहा. कसली औषधं चालू होती तेही लिहा. गाव, वय, काम पुरे. कुणा डॉक्टरचं किंवा कंपनीचं नाव नको.

आधी माझंच सांगते. मे महिन्यात वजन ७४ होतं. गुडघे दुखायचे, शाळेचा जिना चढताना धाप लागायची. साडेचार हजार रुपये भरून दहा दिवसांचा कार्यक्रम घेतला. सकाळी लिंबूपाणी, मग पालक-काकडी-सफरचंदाचा रस, दुपारी फळं, रात्री भाज्यांचं सूप. भात, भाकरी, मासे, डाळ, चहा, नारळ सगळं बंद. नारळ बंद म्हटल्यावर सासूबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की वर्गात फळ्याकडे बघवेना. कोच म्हणाली, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत. पाचव्या दिवसापासून मात्र बरं वाटलं. पोट हलकं, झोप गाढ. दहाव्या दिवशी काटा ६९.८ वर आला तेव्हा मला आनंदानं रडू आलं. जुलैच्या मध्यात परत ७३.५. आणि गणपतीच्या सुमाराला केस गळायला लागले, कंगवा भरून भरून. माझं काय चुकलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

रत्नागिरी, निवृत्त आहारतज्ज्ञ, वय ६३

गुहागरच्या ताई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं.

डोकं ठणकलं ते चहा एकदम सोडल्यामुळे. रोज तीन-चार कप पिणाऱ्याचा चहा अचानक तुटला की एक-दोन दिवसांत डोकं धरतं आणि साधारण आठवड्याभरात थांबतं. वजनाचा हिशेब असा. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-भाकरी बंद झाली की हा साठा संपतो आणि दीड-दोन किलो तिथेच उतरतं. पुन्हा जेवायला लागलं की तेवढंच परत येतं. एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. दहा दिवसांत चार किलो चरबी जायची तर दिवसाला तीन हजारांची तूट हवी, आणि शाळेतली बाई दिवसभरात तेवढं खर्चही करत नाही. केसांचं कारणही तेच. दहा दिवस डाळ नाही, मासा नाही. असा उपासमारीचा धक्का बसला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बहुतेक परत येतात, धीर धरा.

शरीरातला मैला काढण्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपली मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. प्रथिनं वापरताना जो अमोनिया तयार होतो त्याचा युरिया यकृत करतं. तुम्ही झोपलात तरी हे काम चालू असतं, आणि कुठला रस ते जास्त वेगानं करून देत नाही. तरी पाचव्या दिवशी तुम्हाला बरं वाटलं ते खोटं नव्हतं. त्या दहा दिवसांत फरसाण, बिस्किटं, लोणचं, रात्री दहाचं जेवण बंद होतं. मीठ कमी झालं, अंगावरची सूज उतरली, झोप सुधारली. तेवढं धरून ठेवा.

देवगड, आंबा बागायतदाराचा मुलगा, वय ३४

हे माझ्या बाबांचं आहे. वय ६७, मधुमेह बारा वर्षं, ग्लिमेपिराइडची गोळी सकाळ-संध्याकाळ. शेजाऱ्यांनी पाच दिवसांचा रसाहार सांगितला. बाबांनी जेवण थांबवलं, पण गोळी थांबवली नाही. त्यांना वाटलं, औषध चुकवणं वाईट. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कलमांच्या बागेत फवारणीचा पंप भरताना ते खाली बसले. गड्यानं हाक मारली तर भलतंच बोलायला लागले, अंगाला दरदरून घाम. आम्ही पोचेपर्यंत शुद्ध हरपली होती. आई साखरपाणी पाजायला निघाली होती, पण गडी म्हणाला, शुद्ध नसताना तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर ४८ निघाली. सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत डोळे उघडले. तरी रात्रभर ठेवून घेतलं, कारण या गोळीचा असर लांबतो आणि साखर पुन्हा खाली येऊ शकते.

साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कृपा करून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करू नका. शहाळ्याचं पाणीसुद्धा. आमच्याकडे ते पाण्यासारखं पितात, पण त्यात पोटॅशियम भरपूर. किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते वाढून हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं.

हर्णै, मासळीविक्रेती, वय ५१

मी पहाटे चारला उठते. लिलावाला जाताना चहा-खारी, आल्यावर चहा-टोस्ट, जेवण तीनला, मग रात्री पोटभर. सूज यायची, ॲसिडिटी व्हायची. मुलीनं सांगितलं, आई, तुला काही सोडायचं नाहीये, वेळेवर खायचंय. आता डब्यात नाचणीची भाकरी आणि कालवण असतं, साडेआठला लिलावाच्या जागीच बसून खाते. टोस्ट-खारी बंद. चार महिन्यांत तीन किलो कमी, छातीतली जळजळ गेली. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना खारं खाणं वाढतं, तेव्हा पाय पुन्हा सुजले होते. सुकं रात्रभर भिजवून पाणी टाकून द्यायचं, तेही आठवड्यातून एकदाच, असं ठरवलंय.

वेंगुर्ला, बँक कर्मचारी, वय ५४

मला हे लिहायला वर्ष लागलं. कोलेस्टेरॉल वाढलं होतं. कुणीतरी सांगितलं की बिंबलांचा रस उपाशीपोटी घ्या, चरबी धुऊन निघते. परसात झाड होतंच. खोडाला लगडणारी ती हिरवी आंबट फळं आपण माशाच्या आमटीत दोन-चार टाकतो. मी रोज ग्लासभर रस काढून प्यायलो, जेवण कमी करून. सहाव्या दिवशी उलट्या, कंबरेत दुखणं, लघवी अगदी थोडी. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम मंदावलं की वाढणारा आकडा) ४.१.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कसला रस घेतलात का? या फळात ऑक्झॅलेट फार असतं. ते एकदम अंगात गेलं की मूत्रपिंडाच्या नळ्यांत त्याचे बारीक स्फटिक साचतात. केरळात असे बरेच रुग्ण सापडलेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. माझं डायलिसिस टळलं. पाच आठवड्यांनी आकडा खाली आला. झाड मी तोडलं नाही, आमटीत अजून घालतो, पण रस कुणी मागायला आलं तर बसवून हे सगळं सांगतो.

दुधीच्या रसाचंही ध्यानात ठेवा. दुधी कडू लागला तर एक घोटही नको. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) त्यावर समिती नेमली होती.

दापोली, वय २७

मी ‘स्लिम टी’ घेतला, तीन महिने. रोज सकाळी पोट साफ. सोडल्यावर पोट साफच होईना, पिंढऱ्यांत गोळे यायचे. पुडीवर बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलेलं होतं. ते रेचक आहे, चरबीशी त्याचा संबंध नाही. वजन एक किलोसुद्धा कमी झालं नाही.

कुडाळ, दुकानदार, वय ४९

माझा अनुभव चांगला आहे, तोही यायला हवा. पंचकर्माला लोक सरसकट नावं ठेवतात किंवा सरसकट डोक्यावर घेतात. मी शरद ऋतूत त्यातलं विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाब करवणं, केलं, पदवीधर वैद्यांकडे. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं, रक्तदाबाच्या गोळ्या पाहिल्या, माझ्या फॅमिली डॉक्टरांशी फोनवर बोलले. आधी काही दिवस वाढत्या मात्रेत तूप, मग शेक, मग औषध. नंतर पाच दिवस संसर्जन क्रम: पहिल्यांदा पातळ पेज, मग दाट, मग मूगाचं कढण, मग साधं जेवण. वजन जेमतेम दीड किलो उतरलं आणि वैद्यांनी आधीच सांगितलं होतं की हे वजनासाठी नाही. पण पित्ताचा त्रास कमी झाला. त्याहून मोठं म्हणजे, पेजेवर राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी भूक नसताना किती खातो. दुकानात गल्ल्यावर बसून शेंगदाणे, चकल्या, समोरच्या हॉटेलची भजी.

मालवण, होमस्टे चालवते, वय ४२

पाहुणे हल्ली विचारतात, ‘तुमच्याकडे डिटॉक्स मेन्यू आहे का?’ पहिल्यांदा मी शहरातून बिया-पावडरी मागवल्या. आवशीन बघल्यान आणि सांगल्यान, ‘उकड्या तांदळाची पेज दी त्यांका, आणि वांगडा (सोबत) कुळथाची पिठी.’ तेव्हापासून तेच देते. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा किंवा खोबऱ्याची चटणी, दुपारी एक भाकरी, टाकळा किंवा शेवग्याची भाजी, तिखलं (माशांचं तिखट कालवण), रात्री सातला पिठी-भात. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पाहुण्यांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून पाठ केलंय.

सोलकढीबद्दल सगळे विचारतात. आमसुलात वजन कमी करणारं आम्ल असतं असं वाचून एक पाहुण्या दिवसाला सहा ग्लास प्यायच्या. त्यात अख्ख्या नारळाचं दूध जातं, हे त्यांना सांगावं लागलं. ग्लासभर जेवणानंतर प्यावी, चवीसाठी. माझं स्वतःचं वजन वर्षात ७८ वरून ७२ झालं. पाहुण्यांबरोबर सातला जेवायला लागले आणि रोज किनाऱ्यावरून तासभर चालायला लागले, त्यामुळे.

गुहागर, शिक्षिका (पुन्हा मीच)

सगळं दोनदा वाचलं. देवगडच्या दादांचं वाचून मी तेव्हाच उठून आईला फोन केला, तिला साखरेची तीच गोळी आहे. रत्नागिरीच्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे दिवाळीपासून साधं करतेय. चहा दोन कप, साखर अर्धी, शाळेच्या डब्यात मोड आलेले कुळीथ किंवा अंडं, रात्री आठच्या आत जेवण, संध्याकाळी समुद्रावर पाऊण तास. आज वजन ७०.६, कंबर ९१ सेंटिमीटर, आपल्याकडच्या बायकांची ८० च्या आत असावी म्हणतात. जिना चढताना थांबावं लागत नाही. नारळ परत सुरू केलाय, चौघांच्या आमटीला अर्धी वाटी. ते माप सासूबाईंनीच ठरवलं आणि त्याच खोवून देतात.

श्रीवर्धन-अलिबागकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही. आणि बाळंतपणानंतर वजन उतरवलेल्या कुणी असाल तर जरूर लिहा, माझ्या भाचीला विचारायचंय. ती अंगावर पाजतेय आणि तिला कालच एकवीस दिवसांचा तक्ता आलाय.