मुलीचं नाव : घरी मराठी, आजोळी कानडी. अर्थ आणि स्पेलिंग दोन्ही तपासून हवेत

खडेबाजार

बारसं पुढच्या रविवारी आहे. नक्षत्र कृत्तिका, म्हणजे अ, ई, उ, ए. घरात मराठी, मुलीचं आजोळ बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाककडं, तिथं कानडीशिवाय बात नाही. यादीत उरलीत ती तीन नावं : आरवी, अनाया, इला. कियारा हे चौथं. ते अक्षरात बसत नाही, पण मावशीचा हट्ट.

नेटवर दर साइटला अर्थ वेगळा. आरवी म्हणजे एकीकडं 'शांती', दुसरीकडं 'पहिला किरण'. नक्की काय? कानडीत यातलं काही भलतंच ऐकू येतं का? आणि जन्मदाखल्यावर कानडी व इंग्रजी दोन्हीत नाव छापून येतं, तर स्पेलिंग आधी पक्कं कसं करायचं?

शब्दवेल्हाळ

त्या साइटी अर्थ एकमेकींच्या बघून उतरवतात, त्यामुळे दहा ठिकाणी तेच दिसलं म्हणून ते खरं ठरत नाही. नाव कुठल्या भाषेतलं हे आधी ठरवायचं आणि त्याच भाषेच्या कोशात बघायचं. संस्कृतला आपट्यांचा कोश, मराठीला मोल्सवर्थ (१८५७ ची आवृत्ती), कानडीला किटेल (१८९४). नाव कुठल्याच कोशात सापडलं नाही, तर अर्थ मागाहून चिकटवलेला आहे असं समजायला हरकत नाही.

आता तुमची यादी.

आरवी : संस्कृतात 'आरव' म्हणजे आवाज, ओरड, कलकलाट. शांतीच्या अगदी उलट. त्यासाठी खरं तर कोशही नको. कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो. धातू तोच. आरव नावाची मुलं आता गल्लोगल्ली आहेत आणि नाव कानाला गोड आहे यात शंका नाही, पण अर्थ विचारला तर 'शांत' म्हणून सांगू नका.

अनाया : इथं दोन भाषांची गल्लत झालीय. संस्कृतात 'नय' म्हणजे नीती, वागण्याची रीत. 'अनय' म्हणजे अनीती, शिवाय दुर्दैवही. साइटींवर दिसणारा 'देवाची कृपा' छापाचा अर्थ येतो हिब्रूतून. बायबलात नहेम्याच्या पुस्तकात अनाया येतो. एज्रा नियमशास्त्र वाचत असताना त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांपैकी तो एक, आणि तो पुरुष आहे. नावाचा अर्थ 'परमेश्वरानं उत्तर दिलं'. हिब्रू म्हणून ठेवायचं तर खुशाल ठेवा. संस्कृत म्हणून ठेवाल तर एखादे शास्त्रीबुवा बारशातच भुवया उंचावतील.

कियारा : इटालियन किआरा, मुळात लॅटिन 'क्लारा', म्हणजे स्वच्छ, उजळ. पण त्याच रोमन अक्षरांच्या जवळ जाणारं एक आयरिश नाव आहे, उच्चार साधारण 'कीरा', आणि ते आलंय 'काळा' या अर्थाच्या शब्दावरून. स्पेलिंगमध्ये 'के' की 'सी' एवढ्यानं उजळची काळी होते.

इला : चौघींत हे सगळ्यात जुनं आणि भक्कम. इला म्हणजे पृथ्वी, वाणी. मनूची कन्या, पुरूरव्याची आई. चंद्रवंश तिच्यापासून चालतो. ऋग्वेदात ती 'इळा' आहे, आपल्या ळ नं. फक्त कानडीत जरा अडचण आहे, ती जाणकारांनी सांगावी.

मलप्रभा

अडचण जरा नाही, रोजचीच आहे. कानडीत 'इल्ला' म्हणजे नाही. 'इला बंदाळा?' विचारलं की समोरचा गोंधळणार : कोण आली, की आलीच नाही? दारातून हाक मारताना ल आपोआप जोर घेतो, मग तर 'इल्ला'च ऐकू येतं.

गंमत म्हणजे कानडीतही पृथ्वीला 'इळे' म्हणतात. तेव्हा ळ नं 'इळा' लिहिलं तर तिकडची अडचण सुटते. पण मग आपल्या खेड्यात इळा म्हणजे गवत कापायचा विळा. इकडं आड, तिकडं विहीर.

आरवीचं तर आणखी वेगळं. आमच्याकडच्या कानडीत 'अरवी' म्हणजे कापड, कपडे. 'अरवी ओगी' म्हणजे कपडे धू. गोकाकची आज्जी पहिला आ ऱ्हस्व करणार, लिहून घ्या.

अशी तपासणी करताना नुसतं नाव बघू नका, घरगुती रूपही बघा, कारण शाळेबाहेर पोर त्यानंच ओळखलं जातं. नारायणचा नारू होतो. मराठीत नारू हा रोग, कानडीत 'नारु' म्हणजे घाण वास मारणं. सखूची सकू झाली की कानडीत 'साकु', म्हणजे पुरे. हे शेवटचं विनोदावारी नेण्यासारखं नाही. मुली होत राहिल्या की साकव्वा, साकम्मा नाव ठेवायची चाल होती, आपल्याकडच्या नकुशीसारखी. (सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ नकुशींची नावं समारंभानं बदलली, तीच नकुशी.) मात्र कानडीत 'साकु' या धातूचा दुसरा अर्थ 'सांभाळणं, पोसणं' असाही आहे, त्यामुळे प्रत्येक साकम्मा नकोशीच असते असं नाही.

खडेबाजार

म्हणजे तीनही गेली की ओ! एक आणखी. आजोळची जुनी नावं तिप्पव्वा, कल्लाप्पा, ईराप्पा अशी आहेत. त्यातलं एखादं पाळण्यातलं नाव म्हणून ठेवावं असं आज्जीचं म्हणणं. यांचे अर्थ काय?

मलप्रभा

आधी शेपूट ओळखा, मग पुढचा भाग वाचता येतो. अप्पा म्हणजे बाप, अव्वा आणि अम्मा म्हणजे आई, अण्णा थोरला भाऊ, अक्का थोरली बहीण, अय्या म्हणजे स्वामी. आपल्याकडं मुलींना अव्वा जास्त, म्हैसूरकडं अम्मा. 'तम्म' म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून तम्माण्णा या नावात धाकटा आणि थोरला दोघे एकाच माणसात राहतात.

शेपूट काढलं की उरतो बहुतेक वेळा देव. मल्लाप्पा हा मल्लिकार्जुन, लक्कव्वा ही लक्ष्मी. ईराप्पा, ईराण्णा म्हणजे वीराप्पा, वीराण्णा : बोलताना सुरवातीचा व गळतो, तसाच व्यंकटेशाचा येंकाप्पा झाला. बसवराज, बसाप्पा, बसव्वा यांतला 'बसव' म्हणजे संस्कृत वृषभच, कानडी तोंडात घडलेला. मराठी घरांतला बसवंतही त्याच दावणीचा. जैन घरातला ऋषभ आणि लिंगायत घरातला बसव, बैल एकच. चन्नम्मातला 'चेन्न' म्हणजे सुंदर. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मामुळं ते नाव १८२४ पासून आजवर मागं पडलेलं नाही. यल्लाप्पा, यल्लव्वा, रेणुका, परशराम ही सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीकडची नावं. 'येल्ला' म्हणजे सगळे, म्हणून यल्लम्मा सगळ्यांची आई, असं लोक सांगतात. 'येल्ले' म्हणजे हद्द, असाही एक अर्थ लावतात. सीमाभागाला तो बरा शोभतो.

तिप्पव्वा, कल्लाप्पा यांची जात वेगळी. 'तिप्पे' म्हणजे उकिरडा, 'कल्लु' म्हणजे दगड, 'गुंडु' म्हणजे गोटा. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव द्यायचं. आपले धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा हेच करतात. भाषा बदलली तरी भीती तीच. तरी कल्लाप्पा दिसला की लगेच दगड म्हणू नका. गावात कल्मेश्वराचं देऊळ असेल तर ते नाव देवाचंही असतं. देऊळ कुणाचं, हे विचारल्याशिवाय सीमाभागातल्या नावाचा उलगडा होत नाही.

खानापूरकर

दगडाचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा पेद्रू घ्या. पोर्तुगीज पेद्रो, ग्रीक पेत्रोस, म्हणजे खडक. खुद्द ग्रीक नावही येशूच्या आरामी भाषेतल्या 'केफा' (खडक) या शब्दाचं भाषांतर. म्हणजे धोंडू, कल्लाप्पा आणि पेद्रू एका बाकावर बसले तर तिघांचा अर्थ एकच. फरक एवढाच की पहिल्या दोघांना दगड म्हटलं दृष्टीच्या भीतीनं, तिसऱ्याला मंडळीचा (चर्चचा) पाया म्हणून. मिंगेलचा मूळ मिखाएल : 'देवासारखा कोण?' हा प्रश्नच नाव झालाय.

सह्यकडा

एवढी उठाठेव कशाला? हिब्रू, इटालियन, कानडी… आपल्याकडं काय नावांचा दुष्काळ पडलाय? शहाजी, दौलत, हैबत, गुलाब, अशी अस्सल मराठी नावं असताना उसनवारी नको.

शब्दवेल्हाळ

चार उदाहरणं दिलीत, चारही फारसी-अरबी वळणाची. 'शाह' फारसी, मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांना शहाजी आणि शरीफजी ही नावं दिली, असं परंपरा सांगते. 'दौलत' अरबी, मुळात दिवस पालटणं, मग सत्ता, मग संपत्ती. 'हैबत' अरबी, म्हणजे धाक. 'गुलाब' फारसी, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी; आधी तो शब्द गुलाबपाण्याचा होता, फुलाला नंतर चिकटला. तरीही ही चारही नावं मराठीच आहेत, कारण मराठी माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या हाक मारून झिजवलीत. धारवाड-बेळगावकडच्या हिंदू घरातला फकिराप्पा बघा : पुढं अरबी फकीर, मागं कानडी अप्पा. काही बिघडत नाही. दस्तगीरही असाच, फारसीत दस्त म्हणजे हात आणि गीर म्हणजे धरणारा.

उलटं उदाहरणही देतो. नीरजा आणि मीना ही आपण शुद्ध संस्कृत समजतो. पण 'नीर' आणि 'मीन' हे शब्द संस्कृतानं द्राविड भाषांतून घेतले असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोकाकच्या आज्जीला विचारा, पाण्याला 'नीरु' आणि मासळीला 'मीनु'च म्हणेल.

नोंदवही

स्पेलिंगचं कुणी सांगितलं नाही, आणि खरा मनस्ताप तिथंच आहे.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्यात नसलं तरी चालतं. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव फी न भरता घालता येतं. पुढं विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा नाव चढलं की 'बदलून द्या' म्हणून चालत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चूक दुरुस्तीची सोय आहे, पण ती नोंदीच्या समासात शेरा मारून होते, मूळ नोंद तशीच राहते. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन्स वगैरे सगळ्याला हाच दाखला जन्माचा पुरावा धरतात. म्हणून कागदावर आधी तीन लिप्यांत नाव लिहा : देवनागरी, कानडी, रोमन. अर्जाला तोच कागद जोडा, आणि छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचून घ्या.

नेहमी कुठं चुकतं ते सांगतो.

कानडीत शेवटचा अ पूर्ण उच्चारतात. 'अनिकेत' तसंच लिहिलं तर ते 'अनिकेता' वाचलं जातं आणि रोमनमध्ये शेवटी एक 'ए' वाढतो. मुलाचं नाव व्यंजनावर संपत असेल तर कानडीत शेवटच्या अक्षराचा पाय मोडायला सांगा.

कर्नाटकात त साठी 'टी-एच' आणि ट साठी नुसता 'टी' लिहायची पद्धत. तुम्ही फक्त कानडी रूप दिलं तर स्मिता, अक्षता यांत 'एच' घुसणारच. आईबापांच्या कागदांवर तो नसेल तर रोमन रूप तुम्हीच द्या.

ज्ञ सगळ्यात वाईट. आपण 'द्न्य' म्हणतो आणि 'डी-एन-वाय' लिहितो. कानडीत उच्चार 'ग्न्य'कडं झुकतो आणि स्पेलिंग 'जे-एन'. एकाच प्रज्ञाची तीन कागदांवर तीन स्पेलिंगं होतात.

कानडीत ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. तेजस, मोहन यांत दीर्घच हवा. मराठी माणूस बघून लिहितो तेव्हा हमखास ऱ्हस्व घालतो.

खडेबाजार

सगळ्यांना धन्यवाद. घरात आता 'ईश्वरी'वर एकमत होतंय. अक्षर बसतं, आज्जीलाही म्हणता येतं. मावशी फुगलीय, ते बघून घेऊ. यात काही धोका?

मलप्रभा

अर्थात नाही, कानडीत तोच अर्थ. आज्जी 'ईश्वरव्वा' करील, करू द्या.

नोंदवही

रोमनमध्ये दोन जागा बघा. सुरवात 'आय'नं की 'ई'नं, कारण आपल्या भागात दोन्ही चालतात. आणि श्व मधला व 'डब्ल्यू' की 'व्ही'. एकदा ठरवा आणि आधारलाही तेच द्या. कानडीत शेवटची री ऱ्हस्व छापून आली तर चूक समजून परत पाठवू नका, तिथं लक्ष्मी आणि पार्वतीही ऱ्हस्वच लिहितात.