पांझरेवरच्या जुन्या फडाच्या पाटाने दिवसभर पायी जायचे आहे : सुरुवात कुठून करावी?

माहेरवाशीण (प्रश्न)

नमस्कार. माझे माहेर साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आहे आणि माझे आजोबा तेथील फडाच्या, म्हणजे गावाने मिळून पाणी व पीक ठरवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, पाटावर पाटकरी (पाणी सोडणारे) होते. तो पाट मी लहानपणी वाहताना पाहिला आहे. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, फड मोडून ज्याने त्याने आपापले पीक घ्यायला सुरुवात केली आणि पाटात बेशरमाची झुडपे व वेडी बाभूळ माजली. गेल्या दोन उन्हाळ्यांत गावकऱ्यांनी वर्गणी काढून गाळ उपसायला घेतला असून सात किलोमीटरपैकी सुमारे चार किलोमीटर पाट आता मोकळा झाला आहे.

मार्गशीर्षात दोन मुले आणि ७४ वर्षांचे वडील यांना बरोबर घेऊन हा पाट एका दिवसात पायी पाहण्याचा विचार आहे. बंधाऱ्यापासून खाली यावे की शेवटच्या शेतापासून वर जावे? ताज्या भरावावरून चालल्याने गावकऱ्यांचे काम बिघडेल का? आणि मुलांना नेमके काय दाखवावे, म्हणजे त्यांना हा नुसता कोरडा चर वाटणार नाही?

टेलचा शेतकरी

ताई, आमची जमीन शेजारच्या बंधाऱ्याच्या पाटाला अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे, म्हणून मी सांगेन की बंधाऱ्यापासूनच निघा. पांझरा आपल्याकडे पूर्वेला वाहते आणि पाटही तसाच जातो. त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन तोंडावर येईल, पण दुपारनंतरचे ऊन पाठीवर राहील. खानदेशात दुपारचे ऊन मार्गशीर्षातही वडिलांना सोसणार नाही.

भरावाच्या मधोमध चालण्यास हरकत नाही, उलट माती दबते. कडेवर मात्र पाय देऊ नका, कारण काळी माती वाळली की भेगाळते आणि धुम्मस (माती ठोकून घट्ट करणे) नीट झाली नसेल तर कड ढासळून पुन्हा पाटातच येते. पायात जाड तळाचे बूट हवेत, कारण वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाणी घरूनच न्यावे.

एक मनातले लिहितो. पाटाला तळापासून काँक्रीट करावे असे आम्हा टेलवाल्यांचे मत आहे. गाळ कितीही काढला तरी वाटेतच पाणी मुरते आणि आमच्यापर्यंत ओलसुद्धा पोहोचत नाही.

निवृत्त कालवा निरीक्षक

भाऊंची तक्रार खरी आहे, पण ज्या मुरण्याला ते तोटा म्हणतात, त्यावरच पाटाकाठच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत तग धरतात. सगळा तळ काँक्रीटचा केला तर त्या विहिरी आटतील आणि त्यांचे मालक पहिल्याच वर्षी पाटात मोटार टाकतील. जेथे मुरूम किंवा फुटका खडक लागतो, तेवढेच तुकडे बांधून घ्यावेत असे माझे मत आहे.

मुलांना आधी फडाची मांडणी समजावून सांगावी. पांझरेवर, तसेच बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर ही पद्धत काही शतके चालली. एका बंधाऱ्याखालचे भिजणारे क्षेत्र साधारणपणे चार फडांत विभागलेले असे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असे. बहुतेक खातेदारांची पट्टी प्रत्येक फडात असल्यामुळे, पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर ती तूट सर्वांच्या वाट्याला येई. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, देखरेख हवालदाराची, पीक राखण्याचे काम जागल्याचे, आणि निर्णय पंचांचा. या लोकांना मोबदला बहुधा धान्यात मिळे.

याच पांझरेच्या खोऱ्यात १८८४ मध्ये नोकरीत नव्याने रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांनी पाणी नळातून पलीकडे नेणारा सायफन बांधला होता, हेही मुलांना जरूर सांगावे.

वाटेत दगडी मोऱ्या लागतील. त्यांच्या सांध्यांत सिमेंट भरलेले दिसले तर गावकऱ्यांना थांबवा. चुन्याचे जुने बांधकाम ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती ओल अडवते, आणि मग सांधा टिकून शेजारचा दगडच पापुद्र्यांनी सुटू लागतो.

माहेरवाशीण

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल आम्ही जाऊन आलो.

सकाळी सातला बंधाऱ्यावरून निघालो. पाटाच्या मुखाशी दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा आहेत. त्यात लाकडी फळ्या सरकवून आजोबा पाणी कमीजास्त करत. वर्षानुवर्षे फळ्या घासून खाचांच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की धाकटीने त्यात बोट घातले आणि ती बराच वेळ काढेचना. तिथून तीन किलोमीटरवर पाट एकदम रुंद होतो. गाळ काढताना यंत्र चालवणाऱ्याने ती जागा चुकीने खचलेली समजून भराव टाकून अरुंद करायला घेतली होती. वडील तिथे थांबले आणि अहिराणीत म्हणाले, "आठे पाणी दम लेस." (इथे पाणी दम घेते.) पाण्याचा वेग तिथे मंदावून गाळ खाली बसावा म्हणून ती रुंदी मुद्दाम ठेवलेली होती, आणि दरवर्षी फडकरी तोच गाळ गाड्या भरून शेतात नेत असत. लहानपणी आजोबांची न्याहारी घेऊन वडील याच जागी येत. सोबत आलेल्या गावच्या तरुणांनी तो भराव परत काढायचे तिथल्या तिथे कबूल केले, तेव्हा मला फार बरे वाटले.

चार किलोमीटरनंतर बाभळीने वाट बंद झाली आणि पुढचे अंतर आम्ही बांधाबांधाने कापले. टेलच्या शेतात हरभरा ठिबकवर होता आणि शेजारी पाटाची चारी नांगरटीत गेलेली होती. तिथल्या आजींनी आम्हाला ओळख नसताना चहा पाजला व पाणी कधी येणार असे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता एक विनंती आहे. मधल्या मोरीचा एक दगड निसटला असून गावकऱ्यांनी सिमेंटचे काम माझ्या सांगण्यावरून थांबवले आहे. चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली) मळलेल्या चुन्याचे काम करणारा गवंडी धुळे किंवा नंदुरबारकडे कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया येथे लिहावे. मृगापूर्वी मोरी उभी राहिली पाहिजे.