टाकीतला मासा खाऊन जाड होतो का?

गिरणाकाठ (जळगाव)
आमच्याकडे दोन फुटी टँक आहे. दोन ऑरांडा आणि एक कॉमेट, तिन्ही गोल्डफिशच. मार्च सरता सरता मोठ्या ऑरांडाचं पोट एका अंगाला फुगलेलं दिसायला लागलं. पोहताना शेपटी आपोआप वर उचलली जाते, खाली यायला त्याला जोर लावावा लागतो. घरातली रीत अशी: आबा पहाटे पाचला उठून चिमूटभर दाणे टाकतात, मुलगी शाळेत जाताना टाकते, दुपारी बायको, रात्री मी. कुणी कुणाला विचारत नाही.
दुकानात विचारलं तर म्हणाले, "मासा काही जाड होत नाही भाऊ, पोट भरलं की तोंड फिरवतो." मला हे पटत नाही. मासा नक्की जाड होतो आणि तो आपल्याच हातानं होतो, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं सांगा. मला आबांना समजवायचंय.

लोकोशेड (भुसावळ)
दादा, मी अठरा वर्षं टँक ठेवतोय. पाण्यानं मेलेले मासे शेकड्यानं पाहिले, जाडीनं मेलेला एकही नाही.
ऑरांडा मुळातच गोल. माणसानं पिढ्यानपिढ्या निवडून त्याला तसा घडवलाय, त्याची तुलना कॉमेटशी करूच नका. पोट फुगायची कारणंही वेगळी असतात. मादी असेल तर अंडी असतील. कोरडे दाणे खाऊन बद्धकोष्ठ झालं असेल. नाहीतर जलोदर. मासा वरून बघा: खवले सुटे होऊन अंग सीताफळासारखं दिसत असेल तर ती चरबी नाही, आत पाणी साठलंय.
आणि मासा आयुष्यभर वाढत राहतो. जास्तीचं खाणं लांबीत जातं. जाडी हे आपलं माणसांचं दुखणं, ते आपण त्याच्यावर लादतोय.

शेततळं (शहादा)
लोकोशेड भाऊ, तुम्ही मासा बाहेरून बघता. मी कापतो.
आमच्या शेततळ्यात रोहू-कटला आहे. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा. उकाई धरणाच्या फुगवट्यातला रोहू आणि तळ्यातला रोहू, सारख्याच वजनाचे, एकाच पाटावर ठेवून पोट उघडा. फुगवट्यातल्याचं आतडं मोकळं, एकेक वेटोळं मोजता येतं. तळ्यातल्याचं आतडं दिसतच नाही. पांढऱ्या-पिवळ्या चरबीच्या लोंब्यांत गुंडाळलेलं असतं. सुरी पुसावी लागते, हात साबणानं दोनदा धुवावे लागतात. बाहेरून बघाल तर दोन्ही सारखेच.
म्हणून तर आम्ही खाद्य तोलून टाकतो. बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, मोठी झाली की २ टक्क्यांवर आणतो. मासा तोंड फिरवेल म्हणून वाट बघत बसलो तर पेंडीचा खर्च वर आणि चरबी आत.

झाडाखालची शाळा (अमळनेर)
मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
मासा शीतरक्ताचा. आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग ऊबदार ठेवण्यात खर्च होतो. माशाला तो खर्चच नाही. त्यामुळे त्याची गरज आपल्याला वाटते त्याहून फारच थोडी. उरलेलं यकृतात, आतड्याभोवती आणि स्नायूंत चरबी होऊन बसतं. शहाद्याच्या भाऊंनी पाटावर पाहिलं ते हेच. लांबी वाढते हे खरं, पण पूर्ण वाढलेल्या माशाची वाढ अगदी मंदावते आणि मग जास्तीचं खाणं चरबीतच जातं.
यावर प्रयोगही झालेत. २०१० साली जपानी संशोधकांनी झेब्रा डॅनिओंना आठ आठवडे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक झिंग्यासारखा जीव) भरपूर खाऊ घातला. वजन वाढलं, रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, वाढले, यकृतात चरबी साठली. हा डॅनिओ आपल्याच देशाच्या नद्या-ओढ्यांतला मासा. आणि दुकानात आंधळा केव्ह टेट्रा मिळतो ना, मेक्सिकोच्या गुहांतला, त्याच्यावर २०१५ मध्ये काम झालं. भूक आवरणाऱ्या एका जनुकात बदल झालेले त्याचे काही कळप पोट भरलं तरी खातच राहतात आणि चरबी साठवतात. गुहेत अन्न कधीमधीच वाहून येतं, तिथे तेच त्याला तारतं. टँकमध्ये रोज चार वेळा येतं.
गोल्डफिशला तर खरं जठरच नसतं. दिवसभर थोडं थोडं टिपत राहायची त्याची घडण. तो काचेशी येऊन तोंड उघडतो ती भूक नव्हे, सवय आहे. दुकानदारांचं म्हणणं म्हणूनच चुकतं.

लोकोशेड (भुसावळ)
मॅडम, चरबी धरते हे मी मान्य करतो. शहाद्याच्या भाऊंचा पाट मला खोटा ठरवता येणार नाही. पण माझा मुद्दा तिथेच आहे.
प्रयोगशाळेत पाणी सतत बदलत असतं. शेततळं अर्ध्या एकराचं. दोन फुटी टँकमध्ये तेवढं खाणं पडलं तर चरबी चढायच्या आधी मासा अमोनियानं जाईल. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, तळाशी कुजलेला दाणा आणखी सोडतो. पाणी तापलं की अमोनिया जास्त जहाल होतो आणि प्राणवायू कमी होतो: २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात. आमच्याकडे मे महिन्यात घरातलं पाणी ३३ वर जातं. त्यात वीज गेली की एअरपंप बंद. मासा वरती येऊन तोंड मारायला लागतो आणि घरचे म्हणतात, भुकेला आहे, टाका अजून! असे टँक मी डोळ्यांनी रिकामे होताना पाहिलेत. लोकांना "जाडी, जाडी" सांगाल तर ते पोट बघत बसतील आणि पाणी बघणार नाहीत. माझी भीती ती आहे.

पांझरा (धुळे)
लोकोशेड दादा, माझं पाणी चकाचक होतं.
माझ्याकडे ऑस्कर मासा होता, चार फुटी टँक, मोठा बाहेरचा फिल्टर, दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदल. अमोनिया नेहमी शून्य. माझ्या हाताला ओळखायचा, बोटाशी येऊन थांबायचा. मी त्याला लाडानं चिकनचे तुकडे द्यायचो, कधी कलेजी. पाचव्या वर्षी खाणं सोडलं आणि आठवड्यात गेला. पुरायच्या आधी मी पोट उघडून बघितलं, कारण मला कळायलाच हवं होतं. यकृत लालसर-तपकिरी असायला हवं, ते मेणासारखं फिकट पिवळं होतं आणि बोटाखाली विरघळलं.
नंतर वाचलं की कोंबडी-बोकडाची चरबी माशाच्या गार अंगात घट्ट बसते, त्याला ती नीट पचत नाही. ते मी आधी वाचायला हवं होतं. तुमचं अमोनियाचं सगळं बरोबर आहे, पण पाणी स्वच्छ म्हणजे मासा सुखरूप, हे कुणाला सांगू नका.

केळीचं पान (चोपडा)
जिभाऊ, आबासले एवढंच सांगा: मासा उपाशी नई मरस, खाई-खाई मरस.
आणि आबांचा हात थांबवू नका. आमचे सासरे गेल्यापासून टँकजवळ पहाटे कुणी बसत नाही, त्याची किंमत मला माहीत आहे. पहाटेचं खाणं आबांचं, बाकी तिघांनी हात आवरायचा. मुलीला वाईट वाटेल, तिला रविवारी उकडलेला मटार सोलून द्यायचं काम द्या. पोट साफ व्हायलाही तो बरा.

लोकोशेड (भुसावळ)
ताईंचं पटलं. धुळ्याच्या भाऊंचंही मनाला लागलं, यापुढे सांगताना लक्षात ठेवीन. तरी गिरणाकाठ दादा, आधी अमोनिया तपासा आणि आकडा इथे लिहा.

गिरणाकाठ (जळगाव)
तपासला. ०.५ आला.
वरून पाहिलं, खवले बसलेले आहेत, सीताफळ नाही. म्हणजे माझंही बरोबर आणि तुमचंही. काल तीन दिवसांचा उपास सुरू केला. आबांच्या गोळ्यांची सात खणांची जुनी डबी होती, त्यात आठवड्याचे दाणे आबांनीच मोजून भरले, एका खणात वाटाण्याएवढे. म्हणाले, "एवढ्यात तिघांचं भागतं?" मी म्हटलं, हो आबा, भागतं. ते बराच वेळ डबी हातात धरून बसले होते.

लोकोशेड (भुसावळ)
०.५ म्हणजे थांबू नका. आजच तिसरा हिस्सा पाणी काढा, नवीन भरताना क्लोरीन घालवायचं औषध विसरू नका. नळ दिवसाआड असेल तर पिंपात साठवलेलं वापरा. उद्या पुन्हा तपासा.

झाडाखालची शाळा (अमळनेर)
आणि उपास सुटला की वरून काढलेला फोटो टाका. शेपटी अजून वर जाते का ते बघायचंय.